गिरणीवरची कॅसेट

मिस्त्रींकडे रिकाम्या हातानं गेलेला माणूस काही न ऐकताच परत यायचा. हार-नारळ, मिठाईचा पुडा, पुण्याहून आणलेली बाकरवडी, कशाचाच उपयोग नव्हता. त्यांना धान, म्हणजे टरफलासकट भात, लागायचं. एक चुंगडी, म्हणजे पोतं भरून, तोंड सुतळीनं शिवलेली, आणि तीही भारी धानाची. ती गिरणीच्या दाराशी उतरवली की मिस्त्री त्यातला एक दाणा दाताखाली फोडायचे, ओला की सुका ते बघायचे आणि म्हणायचे, "बसा जी. लावतो."

लावतो म्हणजे कॅसेट. आमच्या लाडक्या बँडची पहिली कॅसेट.

बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांच्या अंगावर आताच काटा आला असेल, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना नाव सांगून काय होणार आहे? भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगाव-करडीकडची चार पोरं होती. ड्रमवाला जयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवून हात तयार झालेला, गिटार नागपूरहून जुनी आणलेली, आणि गाणी आमच्या बोलीतली. तोवर रॉक म्हणजे इंग्रजी आणि इंग्रजी म्हणजे नापास व्हायचा विषय, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. 'मले-तुले' गिटारवर चालतं, नुसतं चालत नाही तर छाती फोडून आत जातं, हे या पोरांनी दाखवलं. पुढे ती मोठी झाली, बाहेरगावी कार्यक्रम झाले, अल्बम आले. पण पहिला गायक, करडीचा पोरगा, त्या सगळ्याच्या आधीच गेला. कावीळ झाली आणि आठ दिवसांत आटोपलं. त्याचा आवाज जगात एकाच कॅसेटवर होता, आणि ती कॅसेट आंधळगावच्या रस्त्यावरच्या एका जुन्या धानगिरणीत, मिस्त्रींच्या तांदळाच्या डब्यात, बनियनमध्ये गुंडाळून ठेवलेली असायची. तांदूळ ओल ओढून घेतो म्हणून.

मिस्त्री गिरणीचे मालक नव्हते. मालक भंडाऱ्याचे शेठ. मिस्त्री त्यांचा हलर, म्हणजे धान भरडायचं यंत्र, चालवायचे, चाळीस वर्षं. डोक्यापासून पायापर्यंत धानाच्या कोंड्यानं पांढरे, भुवयासुद्धा. कानात कापूस. आणि या कापूस घातलेल्या माणसाइतका तिखट कान मी जन्मात दुसरा पाहिला नाही. रस्त्यावरून गेलेल्या मोटरसायकलचं कोणतं बेअरिंग गेलंय ते ते आतून सांगायचे. गाण्याचं विचारलं तर मात्र हात झटकायचे. "मले गाण्यातलं काही समजत नाही जी. मले लोड समजते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बँडचं नावही ते कधी घेत नसत. म्हणायचे "माये पोट्टे". चौघांपैकी तिघांची टक्कलं पडली तरी पोट्टेच.

पोट्टे गिरणीत आले कसे, याची गोष्ट साधी आहे. घरी वाजवलं की बाप चपला फेकून मारायचे. मिस्त्रींनी मागचं गोदाम दिलं, एका अटीवर: गिरणी चालू असेल तेव्हाच वाजवायचं. म्हणजे शेठला कोणी चुगली केली तरी ऐकू कोणाला आलं? भोवती धानाच्या पोत्यांच्या थप्प्या, त्यामुळे आवाज घुमायचा नाही. बाहेरगावचे पुढे लाखांच्या स्टुडिओत जाऊन जे शोधत बसले ते या पोरांना फुकटात मिळालं. एके दिवशी मिस्त्रींनी गोदामात पडलेला शेठचा जुना टेप मधोमध ठेवला आणि बटण दाबलं. झाली कॅसेट.

आता यातली खरी गंमत. मी साकोलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते, तेव्हा एवढं समजावून सांगायचा मला हक्क आहे. चांगल्या टेपला व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तरी त्याचा वेग ढळत नाही. शेठच्या टेपमधला वेग सांभाळणारा भाग कधीचाच जळलेला होता. त्यात गिरणी चालू, विजेची लाईन मरतुकडी, वरचा बल्ब लाल. टेप रखडत फिरत होता आणि पोरं गात होती. अशी रखडत भरलेली कॅसेट पुढे चांगल्या लाईनवर लावली की ती पळत सुटते. गाणं घाईत येतं, आवाज बारीक होतो, आणि बाप्याचं पोरगं होऊन जातं.

जगभर जी फिरली ती हीच पळणारी. गायक गेल्यावर दोस्तांनी आठवण म्हणून कॅसेट मागितली, मिस्त्रींनी दोन दिवसांसाठी दिली, नागपुरात चांगल्या मशीनवर तिच्या नकला निघाल्या, त्याही पहिल्या दोनच गाण्यांच्या, कारण पुढे नुसती घरघर म्हणून तिथेच थांबवलं. त्या नकलांच्या नकला माझ्या हॉस्टेलवर आल्या. त्या बारीक, कोवळ्या, धापा टाकणाऱ्या आवाजावर मी कॉलेजची तीन वर्षं जीव टाकला. पोरी नटांचे फोटो लावायच्या, मी त्या कॅसेटचं कव्हर लावलं होतं. त्या आवाजावर लेख आले. मागून जी घरघर ऐकू येते तिच्यावर एकानं चार पानं लिहिली होती, की ही या मातीतली तंबोऱ्याची नवी कल्पना आहे. मी तो लेख मिस्त्रींना वाचून दाखवला. ते शांतपणे म्हणाले की तो मोटरचा पट्टा आहे, त्या महिन्यात ढिला झाला होता.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. धान आणायला लावणारा म्हातारा भरडाईच्या पैशांसाठी सोंग करतो, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी चुंगडी दिली. मिस्त्रींनी हलर सुरू केला, जमीन थरथरायला लागली. त्यांनी टेपचं बटण दाबलं आणि ते टेपजवळ न बसता सरळ हलरवर जाऊन उभे राहिले. हलरच्या डोक्यावर लाकडी चाडं असतं, त्यात धान ओततात, आणि चाड्याखाली पत्र्याची झडप असते. झडप उघडली की धान जास्त पडतं, मोटर दमते, व्होल्टेज खाली येतं. मिटली की मोटर मोकळी. मिस्त्रींचा हात त्या झडपेवर आणि नजर वरच्या बल्बवर. आणि त्या गोदामातून एक भरदार, जड, सावकाश आवाज आला. शेतात उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचा. इतकी वर्षं मी ज्याच्यावर मरत होते तो कोणीच नव्हता, आणि हा जो होता तो त्याच्या शंभर पट होता.

मिस्त्री काय करत होते हे कळायला मला तीन खेपा लागल्या. कॅसेट भरली त्या दिवशी झडप केव्हा किती उघडी होती, धानाचं टोपलं केव्हा पडलं, मोटर कुठे दमली, हे सगळं त्यांच्या हातात बसलेलं होतं. गाणं वाजत असताना ते तो दिवस जसाच्या तसा पुन्हा चालवायचे. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याशी चाडं रिकामं झालं होतं, कारण मिस्त्री गाणं ऐकत उभे राहिले आणि टोपलं टाकायला विसरले. ते विसरणंसुद्धा ते दर वेळी करायचे. टोपलं हातात धरून थांबायचे, बल्ब उजळायचा, मग एकदम टोपलं रिचवायचे. आणि आवाज तसूभरही इकडेतिकडे व्हायचा नाही. भारी धान कशाला, तर त्या दिवशी हलरमध्ये भारी धान होतं. हलक्या धानानं मोटर तेवढी दमत नाही.

मी विज्ञानाची शिक्षिका, माझ्याच्यानं राहवतंय थोडंच. कॉलेजच्या लॅबमधून व्होल्टेज कमी-जास्त करायचा डिमर उचलून आणला आणि म्हटलं, मिस्त्री, गिरणी कशाला, हे फिरवा. त्यांनी मन लावून फिरवलं. आवाज दारू प्यायल्यासारखा झोकांड्या द्यायला लागला. त्यांनी डिमर माझ्याकडे परत दिला आणि म्हणाले, "हाताले धान लागाले पाहिजे मॅडम. याच्यात वजन नाही." पुण्याच्या दोन पोरांनी तर नक्कल कॉम्प्युटरवर घेऊन हळू करून आणली होती. पण सगळी एकसारखी हळू. कुठे जड, कुठे बारीक. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, त्यांना चहा पाजला आणि धान आणलं का ते विचारलं. पोरांनी मोठ्या भक्तीनं दुकानातला पाच किलो बासमती आणला होता. मिस्त्रींनी पाकीट फोडून त्यातला एक दाणा दाताखाली धरला. मग म्हणाले, "हे तं भरडलेलं आहे बाबू. याले आता काय करू, आंघोळ घालू?"

एकदा बँडचा दुसरा गायक आला. मोठा माणूस, पण स्वतः चुंगडी पाठीवर घेऊन आत आला. त्याची निवड त्या पळणाऱ्या नकलेवरून झाली होती. लोकांना तोच बारीक आवाज पाहिजे होता आणि जुने तिघेही गप्प राहिले, त्यांचंही पोट होतं. जन्मभर हा माणूस गळ्याच्या शिरा ताणून वरच्या पट्टीत गायला. त्यानं गिरणीवर उभं राहून दोन गाणी ऐकली. "मग मी इतकी वर्षं कोणासारखं गाऊन राहिलो?" एवढंच बोलला. मिस्त्रींनी त्याला घरचं जेवण दिलं, आणि म्हणाले की बापू, तू लाईनसारखा गायलास, लाईनच खोटी होती.

हे ऐकून कोणाला वाटेल की मिस्त्री रसिकांसाठी हा खटाटोप करत होते. आमच्यासाठी त्यांनी काडीही हलवली नसती. आमचं धान म्हणजे त्यांचा सराव होता. हात विसरू नये म्हणून. त्यांना ती कॅसेट एकाच माणसाला ऐकवायची होती, आणि ते माणूस यायला तयार नव्हतं.

गायक गेल्याच्या वर्षी भंडाऱ्यात त्याच्या आठवणीचा कार्यक्रम झाला होता. त्याच्या आईला पहिल्या रांगेत बसवलं आणि नागपूरची नक्कल लाऊडस्पीकरवर लावली. ती माउली अर्ध्या गाण्यात उठली. "हा माया पोरगा नोहे," म्हणाली आणि चालती झाली. पोराचं नाव लावून दुसऱ्याच कोणाचा आवाज विकतात, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. पोरगा घरी कधी गायला नव्हता, धान भरडायला जातो सांगून गिरणीवर यायचा, त्यामुळे तिला त्याचं गाणं ओळखीचं असायचं काही कारणच नव्हतं. मिस्त्रींनी मात्र सगळं स्वतःवर घेतलं. कॅसेट त्यांनीच हातातून जाऊ दिली होती ना. करडी आंधळगावाहून फार लांब नाही, पण त्या बाई तेव्हापासून त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मग शेठच्या मुलांनी गिरणी विकायचं ठरवलं. हायवेवर नवा कारखाना झाला होता, जुन्या हलरला भंगाराचा भाव आला. संक्रांतीनंतर काढायचा असं ठरलं. मिस्त्रींनी मला निरोप धाडला, आणि मी गेले तर पहिल्यांदाच धान मागितलं नाही. म्हणाले, "मॅडम, हलर गेला का तो पोट्टा कायमचा बारीक होऊन जाईन. त्याच्या मायले एक डाव आणा."

मी करडीला गेले. त्या बाई अंगणात सुपानं मूग पाखडत होत्या. मी व्होल्टेज, मोटर, टेप सगळं समजावलं, अकरावीच्या पोरांना समजावते तसं. त्यांनी मान वर केली नाही. माझं सगळं सांगून झालं तेव्हा त्या आपणहून बोलल्या. "सपनात येते तो. पन मुकाच येते. त्याचा आवाज मले याद नाही राहिला, पोरी. त्या भोंग्यातलाच कानात बसला." आणि पुन्हा पाखडायला लागल्या. उठता उठता, काही तरी बोलायचं म्हणून सांगितलं की जुनी गिरणी जाणार. त्यांचं सूप थांबलं. नव्या गिरणीत कणी फार होते, म्हणाल्या. घरी खायचं धान अजून पडून होतं. दोन दिवसांनी त्या दोन चुंगड्या ऑटोत घालून आल्या. दाराशीच मला बजावलं, "धान भरडाले आली. टेपगिप मले आयकाची नाही."

मिस्त्रींनी पुढे होऊन चुंगड्या उतरवल्या, दाणा फोडला, हलर सुरू केला. बाई गोदामाच्या दाराशी पोत्यावर बसल्या. मी बटण दाबलं. आणि आला तो बारीकच आवाज.

थंडीचे दिवस. कूलर बंद, शेतातले पंप बंद, वरून गेल्या वर्षीच तार बदललेली. वरचा बल्ब पांढराशुभ्र. "लाईन लय चांगली आहे आज," मिस्त्री म्हणाले, आणि एखाद्याच्या घरी मयत झाल्यावर बोलावं तसं म्हणाले. भंडारा जिल्ह्यात चांगल्या व्होल्टेजचं दुःख करणारा हा पहिलाच माणूस असेल. बाईंनी पदर खोचला आणि उठायला जमिनीवर हात टेकला. मिस्त्री झडप पूर्ण उघडून बसले होते, त्यांच्या हातात आणखी काही उरलं नव्हतं.

मी पळाले, लाईनवर आणखी ओझं पाहिजे होतं. शेजारी पिठाची चक्की, चक्कीवाल्याला म्हटलं चालू कर, गहू नसला तरी कर. पलीकडे वेल्डिंगवाला. त्याच्यापुढे कोणाचं तरी फाटक होतं, त्याला सांगितलं आहे तिथेच पुन्हा वेल्डिंग कर, थांबू नको. समोर आरा मशीन. मालक म्हणाला मशीनवर लाकूड नाही, कायले चालवू? मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. करडीच्या पोराची माय आली आहे, एवढंच बहुधा. त्यानं दोन्ही आरे चालू केले आणि मागच्या घरात ओरडून सांगितलं की हिटर लावा, प्रेस लावा, जे आहे ते लावा. मी धापा टाकत परत आले तेव्हा बल्ब पिवळा झाला होता. मग नारिंगी. मग मिस्त्रींनी झडप थोडी मिटली, थोडी उघडली, आणि हात लागला त्यांचा.

बाई दारात उभ्या होत्या, जायला पाठ फिरवलेल्या. आवाज जड झाला तशा थांबल्या. वळल्या नाहीत. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. चेहरा मला दिसत नव्हता. दुसऱ्या गाण्यानंतर मिस्त्री नेहमी टेप बंद करायला लावत, पुढे नुसती गिरणीची घरघर आहे म्हणत. त्या दिवशी त्यांनी मला हातानं थांबवलं. घरघर चालू राहिली. आणि मग मी इतक्या वर्षांत कधी न ऐकलेलं ऐकलं. तो बोलला. गायला नाही, नुसता बोलला.

"ओ मिस्त्री, थोडं धीरे घ्या ना जी. माया आवाजच नाही येऊन राहिला."

"हो बाबू," मिस्त्री हलरवरून म्हणाले आणि झडप जराशी मिटली. कॅसेट भरली त्या दिवशी मिटली असेल तेवढीच.

बाई वळल्या. आल्या आणि टेपच्या अगदी पुढ्यात जमिनीवर बसल्या. "हे पुन्हा लावा," म्हणाल्या. मिस्त्री ती कॅसेट कधी मागे घेऊ देत नसत, फीत झिजून कागदासारखी झाली होती. त्यांनी मला खुणेनं घे म्हटलं. मी मागे घेतली. तो पुन्हा बोलला, मिस्त्री पुन्हा हो बाबू म्हणाले, झडप पुन्हा मिटली. पुढे तिसरं गाणं सुरू झालं, जे आमच्यापैकी कोणीही, एकाही चाहत्यानं, कधी ऐकलेलं नव्हतं. बाईंनी हात वर केला.

"गानं राहू द्या. तो बोलते ते लावा."

मी लावलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. दोन्ही चुंगड्या भरडून होत आल्या होत्या, बाहेर आरे रिकामे फिरत होते, आणि दर खेपेला तो तेच सांगत होता आणि मिस्त्री तेच उत्तर देत होते. मिस्त्रींच्या कोंड्यानं भरलेल्या गालांवर दोन ओले पाट पडले होते, पण झडपेवरचा हात चुकत नव्हता. मला रडू आवरत नव्हतं. त्या मात्र रडत नव्हत्या. मान थोडी तिरपी करून, अंगणातून कोणी हाक मारली की माणूस ऐकतं तशा ऐकत होत्या. मग एकदम त्यांनी हलरकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिस्त्रींशी बोलल्या. रागानंच बोलल्या.

"कवाचा सांगून राहिला पोरगा तुमाले, मिस्त्री. बंद करा ना ते गिरनी."

"हो वयनी. चुकलं मायं," मिस्त्री म्हणाले. ते हलरवरून खाली उतरले. त्यांनी आधी टेप बंद केला, आणि मगच गिरणी.